कोंडाजीचं रक्त मी फिरवलं तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे आणि मला एकच काम येतं, गरगर फिरायचं. महाडच्या बाजारपेठेमागे एक लहानसं इस्पितळ आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावर रक्त तपासायची लॅब आहे. तिथे खिडकीखालच्या स्टुलावर माझं बिऱ्हाड आहे. पूर्वी ही लॅब तळमजल्यावर होती. मोठा पूर येऊन गेला, त्यानंतर महाडात ज्याला जमलं तो एक जिना वर चढला. मीही चढलो.

पुस्तकातलं माझं नाव सेंट्रिफ्यूज. पण मला पहिल्यांदा इथे आणणारे भिकाजी मास्तर म्हणाले, "एवढं लांब नाव कोण घेत बसणार? ही आपली भिंगरी." तेव्हापासून मी भिंगरी. मास्तर शाळेतले नव्हते, लॅबमधलेच होते. पण हाताखालच्या माणसांना शिकवायची त्यांना भारी हौस, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

माझा जन्म फार दूर, अंबाल्याकडच्या एका लहान कारखान्यात झाला. एका कारागिराने माझं लोखंडी पोट गोल ठोकलं, आत मोटर बसवली, मोटरीवर एक चक्र बसवलं आणि चक्राला नळ्या ठेवायच्या खोबण्या केल्या. बाहेरून हिरवा रंग दिला. पुढे एक बटण दिलं. हे बटण हाताने हळूहळू फिरवायचं असतं. जेवढं फिरवाल तेवढा माझा वेग. कारागिराने मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तो माझ्या झाकणावर हात ठेवून उभा राहिला होता. मी थरथरतो का ते तो बघत होता. मी थरथरलो नाही. तो हसला आणि त्याने मला गवताच्या पेंढीत घालून खोक्यात बसवलं.

आता माझं काम सांगतो. माणसाच्या हातातून काढलेलं रक्त नळीत घालतात आणि ती नळी माझ्या खोबणीत ठेवतात. मी फिरू लागलो की रक्तातलं जड ते तळाला जातं आणि हलकं ते वर राहतं. तळाशी लाल, वर पिवळं पाणी. तुमच्या घरी ताक घुसळलं की लोणी वेगळं होतं ना, साधारण तसंच. त्या पिवळ्या पाण्यात माणसाच्या दुखण्याच्या पुष्कळ खुणा असतात. त्या वाचायचं काम माझं नाही. ते डॉक्टर करतात. मी फक्त वेगळं करून देतो.

माझी एक अट मात्र आहे. मी एकट्या नळीला फिरवत नाही. एका बाजूला नळी ठेवली, तर बरोबर समोरच्या खोबणीत तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी. दुसरा रोगी नसेल तर पाणी भरलेली नळी चालते, पण समोर कुणीतरी हवंच. मास्तर एकदा हे विसरले. घाईत होते, एकच नळी ठेवली आणि बटण फिरवलं. मग काय विचारता. मी टेबलावर थयथय नाचत निघालो ते थेट कडेपर्यंत. बाहेर बाकावर बसलेली दासगावची एक म्हातारी ओरडली, "अरे भूकंप झाला, भूकंप." मास्तरांनी मला दोन्ही हातांनी मिठी मारली तेव्हा कुठे मी थांबलो. नंतर ते मला पुसता पुसता म्हणाले, "चूक माझी, नाच तुझा." ते दिवस फार सुखाचे होते.

मास्तर माझे लाड करायचे. दर पंधरवड्याला झाकण उघडून आतलं पोट ओल्या फडक्याने पुसायचे, मग कोरड्या. पुरात मी चिखलात बुडालो तेव्हा बाकीच्यांनी मला भंगारात टाकायचं ठरवलं होतं. मास्तरांनी पंखे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने माझी मोटर उन्हात वाळवली, नवीन बेअरिंग घातलं आणि मी पुन्हा फिरलो. फक्त हिरवा रंग खालून उडाला. तिथे अजून पुराची रेघ दिसते.

मग मास्तर निवृत्त झाले. लॅब त्यांची शिष्या समीक्षा सांभाळू लागली. समीक्षा हुशार आणि बोलकी मुलगी. इस्पितळाने तिला नवं यंत्र घेऊन दिलं. ते पांढरं, चकचकीत, बटण दाबलं की आपोआप सुरू होणारं आणि आपोआप थांबणारं. त्याला एकच वेग होता, फार जोराचा. पण रोजच्या कामाला तो पुरत होता. मला खिडकीखाली ठेवलं. हळूहळू माझ्या झाकणावर डबे आले, छत्र्या आल्या, एकदा तर कुणी ओला रेनकोट वाळत घातला. मी रागावलो नाही. पण मित्रांनो, फिरणाऱ्याला नुसतं बसायला सांगितलं की कसं वाटतं, ते तुम्हाला शाळेतल्या तासाला कळतच असेल.

आता ज्या दिवसांसाठी मी तुमच्यापुढे बोलायला बसलो, ते दिवस सांगतो.

भातलावणी जोरात होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या आनंदीबाई रोपांच्या मुठी डोक्यावर घेऊन बांधावरून चालल्या होत्या. पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. वाडीपर्यंत जीप जात नाही. वाडीतल्या गड्यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि आनंदीबाईंना पावसातून खाली सडकेवर आणलं. तिथून यशराज नावाच्या पोराच्या जीपमधून महाडला. हाडांच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. ती चांगली झाली.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर माणूस पडून असतो. पडून राहिलं की पायातलं रक्त गोठायची भीती असते. म्हणून पोटाच्या कातडीत हेपरिन नावाच्या औषधाची सुई देतात. हेपरिन रक्त पातळ ठेवतं. हजारो माणसांना त्याचा गुणच येतो. आनंदीबाईंनाही ते सुरू होतं.

आठवडाभराने रक्ताची रोजची तपासणी करताना समीक्षा थबकली. आनंदीबाईंच्या प्लेटलेट खूप उतरल्या होत्या. जखम झाली की रक्त थांबवायला धावून जाणाऱ्या बारीक बारीक कणांना प्लेटलेट म्हणतात. आपल्याकडची माणसं त्यांना नुसतं 'पेशी' म्हणतात.

समीक्षाला वाटलं, मोजणारं यंत्र चुकलं असेल. कधी कधी नळीतच प्लेटलेट एकमेकींना चिकटून बसतात आणि मोजणीत कमी दिसतात. तिने दुसऱ्या जातीच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गुठळ्या नव्हत्या. पेशी खरोखरच उतरल्या होत्या.

पावसाळ्यात आमच्या भागात पेशी उतरल्या म्हणजे डेंग्यू, हे लहान मूलसुद्धा सांगतं. आनंदीबाईंचे यजमान महिपती यांनी ही बातमी फोनवर वाडीला कळवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यशराजची जीप माणसांनी भरून इस्पितळासमोर उभी राहिली. टपावर पपईच्या पानांचे भारे, कारण त्यांच्या रसाने पेशी वाढतात असं लोक मानतात. आत पेशी द्यायला आलेली वाडी.

सगळे जिना चढून लॅबच्या दाराशी आले. पुढे श्रीपत नावाचा दांडगा गडी होता. डोलीचा पुढचा बांबू त्याच्याच खांद्यावर होता.

"बाय गो, आमचं रक्त घे," तो समीक्षाला म्हणाला. "आनंदी काकीला किती पेशी लागतात त्या काढ. कमी पडल्या तर आणखी एक जीप आणतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "कोंडाजीचं पयलं घ्या. त्याचं अजून वापरलंच नाय."

सगळे हसले. कोंडाजी म्हणजे महिपतींचा धाकटा भाऊ. काटकुळा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. वाडीत त्याची ख्याती अशी की कामाच्या वेळी तो नेमका म्हशींच्या मागे असतो.

"हसू नका," श्रीपत गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "डोली आणताना कोंडाजीनं पण भार वायला. काकीच्या चपला घेऊन पुढं चालत व्हता."

"चपला कुणीतरी आणायलाच लागतात ना रे," कोंडाजी म्हणाला. "वयनी इस्पितळात काय अनवाणी फिरणार?"

"मांडी मोडलेली बाई फिरणार कशी, तेवढं सांग."

कोंडाजी दाराच्या चौकटीला टेकला आणि समीक्षाकडे बघत हळूच म्हणाला, "ताई, माझी आय मी रांगत होतो तेव्हाच गेली. वयनीनं मला न्हाऊ-माखू घातलं. माझं घे."

आता गंमत बघा. समीक्षाला त्यांचं रक्त नकोच होतं. तिच्या मनात भलतीच शंका होती आणि तीच शंका डॉक्टर अनुपमा यांच्याही मनात आली होती. अनुपमाबाई आमच्या लॅबच्या मुख्य. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात उमेदीची वर्षं घालवून त्या आपल्या गावी परत आलेल्या. त्यांनी आनंदीबाईंना तपासलं. ताप नव्हता. डेंग्यूच्या तपासणीची पट्टी कोरी आली होती. आणि मोडलेला पाय ठीक होता, पण दुसरा, धड पाय सुजून निळसर पडत चालला होता.

अनुपमाबाई आणि हाडांचे डॉक्टर माझ्या शेजारीच उभे राहून बोलत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"क्वचित एखाद्या माणसाच्या अंगाला हेपरिन सोसत नाही," अनुपमाबाई म्हणाल्या. "शरीर त्याच्याविरुद्ध फौज उभी करतं. ती फौज प्लेटलेटना चिथावते. मग त्या एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. म्हणून मोजणीत कमी दिसतात आणि पायात रक्त गोठतं."

"मग हेपरिन आत्ताच बंद," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

"बंदच. हातातली सलाईनची सुई धुवायलासुद्धा ते वापरायचं नाही. आणि बाहेरच्या पेशी देऊ नका. आगीत लाकडं टाकल्यासारखं होईल."

"ते कळलं. पण पाय वाचवायचा तर रक्त पातळ करणारं दुसरं जोरदार औषध द्यावं लागेल. जखम ताजी आहे. समजा हा डेंग्यूच निघाला, पट्टी कधी कधी चकवते, तर त्या औषधाने बाई रक्तस्रावाने जाईल. आणि नाही दिलं आणि तुमचं खरं निघालं, तर पाय जाईल. मला काहीतरी धरायला द्या, बाई."

"मुंबईला नमुना पाठवते. पण उत्तर यायला दोन दिवस."

"पायाला तेवढा वेळ नाही."

अनुपमाबाईंनी फ्रिज उघडून आनंदीबाईंच्या रक्ताची नळी बाहेर काढली.

मग त्या म्हणाल्या, "एक जुनी पद्धत आहे. मुंबईत शिकाऊ होते तेव्हा हाताने केलेली. आनंदीबाईंच्या रक्ताचं पिवळं पाणी घ्यायचं. त्यात निरोगी माणसाच्या ताज्या प्लेटलेट सोडायच्या आणि थोडं हेपरिन घालायचं. फौज खरीच असेल तर आपल्या डोळ्यांसमोर त्या प्लेटलेट चिकटतील, आणि हेपरिन पुष्कळ घातलं तर मात्र चिकटणार नाहीत. पण त्यासाठी निरोगी माणसं हवीत, एकापेक्षा जास्त. काहींच्या प्लेटलेट मुळातच थंड असतात, चिथावलं तरी हलत नाहीत."

समीक्षाने दाराकडे पाहिलं. दारात अख्खी जीप उभी होती.

ती बाहेर गेली आणि म्हणाली, "मंडळी, काकींना पेशी चढवायच्या नाहीत. पण तपासणीसाठी तुमच्या पेशी हव्यात. थोडंच रक्त लागेल."

"हे काय बोलणं झालं?" श्रीपत म्हणाला. "आम्ही बाटली द्यायला आलो आणि तू चमचा मागतेस."

"चमचाच द्या. पण आधी सांगा, गेल्या आठ-दहा दिवसांत अंगदुखीची गोळी कुणीकुणी घेतली? ती घेतली की पेशी सुस्त होतात. तसलं रक्त मला चालायचं नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. लावणीचे दिवस. दिवसभर वाकून चिखलात रोप लावायचं, त्यात डोलीचा भार. वाडीतल्या दुकानात अंगदुखीच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खपत होत्या. श्रीपतने घेतल्या होत्या, खांदा सुजला होता. पाटलांच्या दोन्ही पोरांनी घेतल्या होत्या. डोलीच्या मागच्या टोकाला असलेला सहदेव तर रोज घेत होता, आज सकाळीही घेऊनच जीपमध्ये बसला होता. ज्यांनी ज्यांनी डोलीला खांदा दिला होता, ते एकामागून एक बाजूला झाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

शेवटी मधे उरले दोघे. जीपचा यशराज, कारण त्याचं काम बसून होतं. आणि कोंडाजी.

"तू नाय घेतलीस गोळी?" श्रीपतने विचारलं.

"माझं काय दुखलंच नाय, तर कशाला घेऊ?" कोंडाजी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

त्या वेळी जे हसू फुटलं ते खाली रस्त्यापर्यंत गेलं असेल. महिपती दोन दिवस हसले नव्हते. तेही डोळे पुसत हसले. "अरे देवा," ते म्हणाले, "आयुष्यात पयल्यांदा याच्या आळसाचा उपेग झाला."

"आळस नाय दादा, मी राखून ठेवलं व्हतं," कोंडाजी म्हणाला आणि शर्टाची बाही वर करून खुर्चीत बसला. सुई टोचताना त्याने डोळे मिटून तोंड भिंतीकडे केलं. श्रीपतने त्याचा दुसरा हात धरला. नाव ठेवणारी माणसंच हात धरायलाही येतात, हे मी लॅबमध्ये पुष्कळदा पाहिलं आहे.

समीक्षाने स्वतःचंही रक्त दिलं. तीन माणसांच्या नळ्या तयार झाल्या. आता त्यांतल्या प्लेटलेट वेगळ्या करायच्या होत्या. प्लेटलेट फार हलक्या. जोरात फिरवलं की त्याही लाल रक्ताबरोबर तळाला जातात. त्यांना वर तरंगत ठेवायचं तर अगदी हळू फिरवावं लागतं. समीक्षा नव्या पांढऱ्या यंत्रापाशी गेली, थांबली आणि वळली. तिने माझ्या झाकणावरचे डबे उचलले.

काय सांगू मित्रांनो. तिने मला पुसलं, वायर लावली. समोरासमोर नळ्या मांडल्या. तिसरीच्या समोर पाण्याची नळी ठेवली. मग मास्तरांनी शिकवलं होतं तसं झाकणावर तळवा ठेवून बटण केसभर फिरवलं. मी हललो. बेअरिंग थोडं कुरकुरलं, मग गप्प झालं. मी इतका हळू आणि इतका सरळ फिरलो की आतल्या नळीला धक्का म्हणून लागला नाही. एवढे दिवस बसून साठलेली फिरायची सगळी हौस मी तेव्हा फेडली.

झाकण उघडलं तेव्हा लाल रक्त खाली होतं आणि वर तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पिवळट गढूळ पाणी. समीक्षाने नळी उजेडाकडे धरून हलवली. गढूळ पाण्यात रेशमासारख्या चमकत्या लाटा उठल्या. "जिवंत आहेत," ती म्हणाली. "छान पोहताहेत."

पुढचं काम अनुपमाबाईंनी हाताने केलं. लहान लहान नळ्यांत एकेकाच्या प्लेटलेट घातल्या. त्यांत आनंदीबाईंच्या रक्ताचं पाणी सोडलं. एका नळीत हेपरिन मुळीच नाही. दुसरीत चिमूटभर. तिसरीत भरपूर. शिवाय एका नळीत आनंदीबाईंच्या ऐवजी निरोगी माणसाच्या रक्ताचं पाणी, म्हणजे आपला डोळा आपल्याला फसवत नाही ना ते कळावं. मग सगळ्या नळ्या हळूहळू हलत्या ठेवल्या आणि वाट पाहिली.

वाडी दारात दाटली होती. समीक्षाने त्यांना बाहेर बसा म्हणून सांगितलं. ते बसले, पण माना आतच होत्या.

समीक्षाच्या प्लेटलेट ढिम्म हलल्या नाहीत. यशराजच्या नळीत काहीतरी झाल्यासारखं वाटलं, पण नक्की म्हणता येईना. अनुपमाबाईंनी चष्मा पुसला आणि कोंडाजीची नळी काळ्या कागदासमोर धरली. हेपरिन नसलेली होती तशीच गढूळ. मग त्यांनी चिमूटभर हेपरिनवाली उचलली.

त्या नळीतलं पाणी स्वच्छ झालं होतं. मधोमध पांढरे बारीक दाणे तरंगत होते, नासलेल्या दुधात दिसतात तसे. कोंडाजीच्या प्लेटलेट एकमेकींना घट्ट बिलगल्या होत्या. भरपूर हेपरिनच्या नळीत मात्र काहीच नव्हतं, गढूळच्या गढूळ. निरोगी माणसाच्या पाण्याचीही तीच गत.

"थोड्याने भांडण आणि पुष्कळ घातलं की शांतता," अनुपमाबाई म्हणाल्या. "अगदी असंच दिसायला हवं. हेपरिनच आहे."

हाडांचे डॉक्टर नळीकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "मला धरायला हवं होतं ते मिळालं." आणि ते झपाझप जिना उतरले. दुसरं औषध त्यांनी सकाळीच मागवून ठेवलं होतं. ते तासाभरात सुरू झालं.

बाहेर कोंडाजीने विचारलं, "ताई, माझ्या पेशी पास झाल्या का नापास?"

"पहिल्या नंबराने पास," समीक्षा म्हणाली. "माझ्या नापास झाल्या."

"बघ," कोंडाजी श्रीपतला म्हणाला, "माझ्या पेशी तरी कामाला धावल्या."

"हां, त्या तुझ्यासारख्या नायत, एवढंच," श्रीपत म्हणाला आणि त्याने कोंडाजीच्या पाठीवर असा हात मारला की कोंडाजीला त्या दिवशी खरोखरच गोळी घ्यावी लागली असेल.

आनंदीबाईंच्या पायाची सूज उतरायला लागली. निळेपणा गेला. पेशी रोज थोड्या थोड्या चढत गेल्या. दोन दिवसांनी मुंबईचं उत्तर आलं, तेही तेच होतं. पपईच्या पानांचे भारे मात्र इस्पितळाच्या मागच्या अंगणात पडून होते. ते एका गवळ्याच्या शेळीने आनंदाने संपवले.

घरी सोडताना अनुपमाबाई वॉर्डात गेल्या आणि आनंदीबाईंना त्यांनी काय सांगितलं ते समीक्षाने मला पुसता पुसता सांगितलं. आता ती मला रोज पुसते आणि बोलते.

"आनंदीबाई, यापुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिल्यांदा सांगायचं, मला हेपरिन सोसत नाही. नाव लक्षात राहील?"

"मी काय शिकलेली नाय गो बाई," आनंदीबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेच्या आईचं नाव मला आठवत नाय. हे कुठं ध्यानात राहणार?"

तेव्हा कोंडाजी पलंगाच्या पायथ्याशी होता. वहिनीच्या चपला हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "वयनी, तू नको ध्यानात ठेवू. आम्ही ठेवतो."

आणि खरोखरच ठेवलं. यशराज सांगतो, त्या संध्याकाळी घाट चढताना जीपमध्ये सगळी वाडी ते नाव पाठ करत होती. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. जो चुकेल त्याच्या डोक्यावर टपली. ज्यांना अक्षर येत नाही अशा बायासुद्धा आता ते नाव धडाधड म्हणतात. वाडीत कुणी दुसऱ्याला वैतागला की म्हणतो, "जा रे, हेपरिन कुठला."

परवाचीच गोष्ट. थंडी पडली आहे, भात कापून झालं आहे. आनंदीबाई तपासणीला आल्या. काठी टेकत, पण दोन्ही पायांवर, जिना चढून. बरोबर कोंडाजी. समीक्षाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि रक्त घ्यायला हिरव्या टोपणाची एक नळी काढली.

"ताई, ही नळी हिरवी का?" कोंडाजीने विचारलं.

"रक्त गोठू नये म्हणून आत औषध लावलेलं असतं."

"कुठलं?"

समीक्षा बोलून गेली, "थोडं हेपरिन."

कोंडाजी एका पावलात पुढे झाला. त्याने आपला काटकुळा पंजा वहिनीच्या कोपरावर, अगदी सुई टोचायच्या जागेवर दाबून धरला. "नाय," तो म्हणाला. "आमच्या वयनीला नाय."

समीक्षाने त्याला नीट समजावलं. ते औषध नळीतच राहतं, रक्त बाहेर येतं, आत काही जात नाही, काही धोका नाही. कोंडाजीने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि हात तसाच ठेवला.

"खरं असंल तुमचं," तो म्हणाला. "पण मी वाडीला जबान दिली हाय."

आनंदीबाई हसून हसून काठीवर रेलल्या. "ऐक गो बाई त्याचं," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एक काम धरलंन, ते सोडायचा नाय आता."

समीक्षाने हिरवी नळी परत ठेवली आणि पिवळ्या टोपणाची साधी नळी घेतली. तेव्हा कुठे कोंडाजीचा हात बाजूला झाला. मग ती नळी माझ्याकडे आली, समोर पाण्याची नळी बसली आणि मी फिरलो.

मित्रांनो, कोंडाजीचं त्या दिवशी चुकलंच होतं. त्या नळीने आनंदीबाईंना काही झालं नसतं. पण मला त्याची चूक फार आवडली. तुमच्याकडे माझी मागणीही त्याच्यासारखीच आहे. घरातल्या आईला, आजोबांना, धाकट्या बहिणीला कुठलं औषध सोसत नाही ते विचारून घ्या आणि त्यांच्यासाठी तुम्ही ध्यानात ठेवा. दवाखान्यात गेलात की न लाजता सांगा. डॉक्टर म्हणाले, माहीत आहे, तरी पुन्हा सांगा. अंगदुखीची गोळी घेतली असेल तर तीही लपवू नका. आणि कधी महाडला आलात आणि रक्त द्यायची वेळ आली, तर खिडकीखाली माझ्याकडे एक नजर टाका. माझ्या झाकणावर आता डबा ठेवलेला दिसणार नाही. पण दिसलाच, तर उचलून बाजूला ठेवा. आत कुणाचीतरी वहिनी फिरत असेल.